युरोपातल्या टोळधाडी: यायच्या कुठून आणि थांबल्या कशा?

गवतफुला
ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात कॅथेड्रलच्या दक्षिणेकडच्या बाहेरच्या भिंतीवर १४८५ सालचं एक मोठं भित्तिचित्र आहे. रंग बरेच उडालेत, पण विषय अजून कळतो. १४८० या एकाच वर्षात शहरावर तीन संकटं कोसळली: तुर्कांची स्वारी, प्लेग आणि टोळधाड. तिन्ही एकाच ओळीत रंगवलीत, वर देव आणि संतमंडळी. मी ग्राझमध्येच राहते आणि टोळांना तुर्की फौजेच्या मांडीला मांडी लावून बसवलेलं पाहिल्यापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

टोळधाड म्हटलं की आपल्यासमोर राजस्थान, अरबस्तान, आफ्रिका येतात. आल्प्सच्या पायथ्याशी टोळ? शोधायला लागले तर साल सापडतच गेलं. ८७३ साली ऱ्हाईनकाठी माइन्त्सजवळ. १३३८ मध्ये हंगेरीपासून थेट दक्षिण टायरोलपर्यंत. १५४२, १६९३, आणि १७४७ ते ४९ ची मोठी धाड, जी ऑगस्ट १७४८ मध्ये लंडनपर्यंत पोचली.

आज इथल्या शेतकऱ्याला विचारलं तर त्याच्या पणजोबांनीही टोळधाड पाहिलेली नसते. मग हे टोळ यायचे कुठून आणि बंद कशानं झाले? कीटकनाशकं निघायच्या आधीच मध्य युरोपातल्या धाडी ओसरल्या होत्या, त्यामुळे 'फवारणीनं' हे उत्तर मला पटत नाही. माहीतगारांनी हात राखून न ठेवता लिहावं.

जुनीवही
ताई, झकास विषय. १३३८ च्या धाडीचं वर्णन डोळ्यांनी पाहणाऱ्यानं लिहून ठेवलंय, आणि तो कुणी ऐरागैरा नव्हे. पुढे सम्राट झालेला, प्राग विद्यापीठ स्थापणारा चौथा कार्ल. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता आणि मोरावियाचा कारभार बघत होता. आत्मचरित्रात तो सांगतो की एका शिलेदारानं त्याला झोपेतून उठवलं आणि म्हणाला, जगाचा शेवटचा दिवस आला, सगळीकडे टोळच टोळ आहेत. कार्ल घोड्यावर बसला आणि थवा संपतो कुठे ते बघायला निघाला. पुलकाऊ गावाशी शेवट लागला. लांबी भरली सात मैल, रुंदीचा अंत दिसलाच नाही. पंखांवर काळी अक्षरं लिहिल्यासारख्या खुणा, सूर्य दिसेनासा झालेला आणि भयंकर दुर्गंधी. पुढे थवा फुटून काही टोळ बव्हेरियाकडे, काही फ्रँकोनियाकडे, काही लोंबार्दीकडे गेले.

जग बुडतंय असं कुणी सांगितल्यावर हा पठ्ठ्या मोजायला गेला, याचं मला फार कौतुक वाटतं. त्याच्यामुळेच आज आपल्याला थव्याचा आकार आणि दिशा दोन्ही कळतात.

८७३ च्या वृत्तांतातही असंच बारीक निरीक्षण आहे. माइन्त्सजवळ तासाभरात शंभर एकरांच्या आसपास पीक फस्त झालं. थव्याचे म्होरके एक दिवसाची मजल पुढे जाऊन तळाची जागा हेरून येतात, असंही लोकांना वाटलं होतं. शेवटी वाऱ्यानं थवा समुद्रात लोटला आणि किनाऱ्यावर मेलेल्या टोळांचे ढीग लागले.

शंकासुर
१३३८ ला टोळ आणि दहा वर्षांत ब्लॅक डेथ. संबंध आहे का काही?

जुनीवही
@शंकासुर, नाही. प्लेग १३४७ साली काळ्या समुद्राकडून जहाजांतून मेसिना बंदरात आला. पण जे लोक दोन्हींतून गेले त्यांनी दोन्हींची सांगड घातलीच. टोळ हा पुढच्या अरिष्टाचा सांगावा, ही समजूत नंतर कित्येक शतकं टिकली. गवतफुलाताईंच्या भिंतीवर तिन्ही एकत्र दिसतात ते त्यामुळेच.

अळूवडी
वाचतेय. पंखांवरची अक्षरं कुणी वाचली की नाही? :)

संत्राबाग
काटोलकडचा आहो मी. मे २०२० मध्ये आमच्याकडं आले होते, मध्य प्रदेशातून मोर्शी-वरूड करत. लोकायनं थाळ्या, पत्र्याचे डबे, ढोल, जे हाताशी आलं ते वाजवलं. कोणी धुऱ्यावर टायर पेटवले, कोणी ट्रॅक्टरवर डीजे लावला. हाकललं की बाजूच्याच्या बागेत बसायचे. तेवढाच फरक पडे.

संध्याकाळी झाडावर उतरले की रात्रभर हालत नाहीत. संत्र्याची फांदी वजनानं खाली वाकलेली मी पाह्यली. बॅटरी मारली की पानं दिसत नव्हती, नुसते गुलाबी अंग आणि डोळे. पहाटे अग्निशमनचा बंब आणि फवारणीचे ट्रॅक्टर आले, तेव्हा कुठं सडा पडला. खाली इतकी विष्ठा की चपलीखाली चिकचिक वाजे.

म्हणून त्या राजाचं पटलं मले. थवा किती मोठा आहे हे कळलं तरच पुढचं काही करता येते.

नांगरट
@संत्राबाग, 'तेवढाच फरक' हे अगदी खरं. युरोपातही हेच. घंटा वाजवल्या, तोफा डागल्या. १७४७ मध्ये हे थवे वालाकियातून (आजचा दक्षिण रोमानिया) खिंडीतल्या 'तांबड्या बुरुजा'वरून ट्रान्सिल्व्हेनियात उतरले. बुरुजावरून थवा पुढे सरकायलाच तासन् तास लागले. अशा वेळी तोफेच्या आवाजाचं काय चालणार?

किडामुंगी
'कुठून यायचे' याचं उत्तर देतो, कारण माझा अभ्यासाचाच विषय आहे.

मध्य युरोपात येणारा टोळ वाळवंटी नव्हे. २०२० चा विदर्भातला वाळवंटी. इकडचा तो स्थलांतरी टोळ, लोकस्टा मायग्रेटोरिया. त्याची हक्काची घरं म्हणजे काळ्या समुद्राच्या आणि कॅस्पियनच्या काठचे नद्यांचे त्रिभुज प्रदेश: डॅन्यूब, नीस्टर, नीपर, कुबान, व्होल्गा. मैलोन् मैल वेताची, लव्हाळ्याची बनं. पूर ओसरला की गाळाची ओली जमीन उघडी पडते, त्यात मादी अंडी घालते. सलग दोन-तीन वर्षं कोरडी गेली की अशी जमीन वाढते, पिल्लं वाढतात, आणि मग उरलेल्या हिरवळीवर सगळ्यांची दाटी होते. खरी गोम या दाटीत आहे.

१९२१ पर्यंत शास्त्रज्ञ असं मानत होते की एकलकोंडा हिरवा टोळ ही एक जात आणि थव्यानं उडणारा गडद टोळ ही दुसरी. बोरिस उवारोव्ह या रशियन माणसानं कॉकेशसच्या उत्तरेला स्तावरोपोलमध्ये टोळांवर काम केलं होतं. क्रांतीनंतर तो लंडनला गेला आणि १९२१ मध्ये त्यानं मांडलं की ही एकाच जातीची दोन रूपं आहेत. गर्दी झाली की तोच किडा रंग, अंगकाठी आणि स्वभाव बदलतो. एकटा असताना दुसऱ्याला टाळणारा गर्दीत दुसऱ्यामागे धावतो. २००९ मध्ये वाळवंटी टोळावर दाखवलं गेलं की मागच्या पायाला वारंवार स्पर्श झाला की दोनेक तासांत हा बदल सुरू होतो, आणि त्यामागे सेरोटोनिन हे मज्जातंतूंमध्ये निरोप पोचवणारं रसायन असतं. आपल्या मेंदूतही असतं तेच.

म्हणजे धाड येते तेव्हा नवा शत्रू कुठून पैदा होत नाही. तो तिथेच असतो, एकेकटा, गवतात लपलेला. त्याला एकत्र आणणारी परिस्थिती तयार झाली की धाड निघते. म्हणून उवारोव्हचं म्हणणं होतं की थव्यांमागे धावू नका, ते जिथे जन्मतात त्या जागा धरा.

अळूवडी
हे फारच आवडलं. +१

वकीलपत्र
यात कोर्टाचा उल्लेख कसा नाही? १३३८ सालीच दक्षिण टायरोलमध्ये काल्टर्नला टोळांविरुद्ध धर्मपीठापुढे तक्रार गेली आणि पाद्र्यानं व्यासपीठावरून त्यांना बहिष्कृत केलं. स्पेनमध्ये १६५० साली सेगोव्हियाजवळ पार्रासेसच्या मठात टोळांवर रीतसर खटला चालला. निकाल: शिवार सोडून निघा, नाहीतर बहिष्कार.

शंकासुर
समन्स कुणी घेतलं?

वकीलपत्र
:) तो प्रश्न त्या काळच्या वकिलांनाही पडायचा, गंमत नाही. आरोपीला नोटीस मिळाली का, त्याची बाजू ऐकली का, यावर प्राण्यांच्या खटल्यांत गंभीर युक्तिवाद व्हायचे. मला याच्यावर हसावंसं वाटत नाही. पीक गेलंय, राजा लांब, औषध नाही. अशा वेळी गावाला निदान कुणीतरी आपलं गाऱ्हाणं ऐकून घेतल्याचं समाधान मिळत असणार.

स्पेनमधलीच आणखी एक गोष्ट. नवारा प्रांतात संत ग्रेगोरियो ओस्तिएन्से टोळांपासून राखणारा. त्याच्या अवशेषांवरून पाणी ओतायचं आणि ते तीर्थ शेतात शिंपडायचं. १७५६ मध्ये राजा सहावा फर्नांदो यानं हुकूमच काढला आणि संताच्या शिराचा चांदीचा करंडक व्हॅलेन्सिया, मुर्सिया, अंदालुसिया, एक्स्त्रेमादुरा असा गावोगाव फिरवला.

पोटोबा
खात नव्हते का कुणी? आमच्या प्रश्नाला न्याय द्या.

जुनीवही
@पोटोबा, न्याय देतो. हिओब लुडोल्फ हा इथिओपियाचा मोठा जर्मन अभ्यासक. १६९३ च्या धाडीच्या वेळी त्यानं टोळ खेकड्या-झिंग्यांसारखे उकडून, व्हिनेगर आणि मिरी घालून मुरवले, आणि फ्रँकफर्टच्या नगरपित्यांना वाढले. टोळांवर त्यानं एक प्रबंधही लिहिला. सिनाईच्या वाळवंटात इस्रायली लोकांना देवानं पाठवलेले लावे पक्षी खरं तर टोळ होते, असं त्याचं मत.

उलट अनुभव बोप्लाँ या फ्रेंच इंजिनिअरचा. १६४६ मध्ये तो युक्रेनात होता. घरात, अंथरुणात, ताटात टोळ. मांसाचा तुकडा कापावा तर सुरीखाली टोळ, घास घ्यायला तोंड उघडावं तर आत टोळ.

पोटोबा
दुसरा प्रकार नको. पहिल्याला मिरीऐवजी मालवणी मसाला चालेल.

ओसरी
युक्रेनचा विषय निघालाच आहे तर पुश्किन. मे १८२४ मध्ये तो ओडेसात सरकारी नोकरीत होता. गव्हर्नर वोरोन्त्सोव्हनं त्याला टोळधाडीची पाहणी करायला खेरसोन, येलिसावेतग्राद, अलेक्सांद्रिया या तालुक्यांत धाडलं. कवीला तो अपमान वाटला. परत येऊन त्यानं सरकारी अहवालाऐवजी टोळ आले, बसले, खाल्लं आणि उडून गेले अशा अर्थाच्या चार ओळी दिल्या ही दंतकथा, पण रशियन माणसाला ती तोंडपाठ असते. त्याच उन्हाळ्यात त्याची नोकरी गेली आणि त्याला मिखाइलोव्स्कोयेला पाठवलं.

नांगरट
मला मात्र तो अहवाल हवा होता. कुठल्या गावात अंडी किती, पिल्लं किती, हे लिहिलं गेलं असतं तर आज उपयोगी पडलं असतं. कविता सुंदर आहेत त्याच्या, पण ज्याचं शेत गेलं त्याच्या बाजूनंही बघा.

ओसरी
@नांगरट, मान्य आहे, पण त्याच्या गाठीशी ना त्यातलं शिक्षण होतं ना चार दिवसांच्या दौऱ्यात ते जमणारं होतं. चूक पाठवणाऱ्याची.

नांगरट
बरं, आता मूळ प्रश्न: थांबल्या कशा?

माझं मत नद्यांकडे आणि नांगराकडे जातं. हंगेरीच्या मैदानात तिसा नदी मोकाट वाहायची, वर्षातले कित्येक महिने दलदल. १८४६ मध्ये हंगेरियन सुधारक सेचेनीच्या पुढाकारानं आणि इंजिनिअर वाशारहेयीच्या आराखड्यानुसार नदीला बांध घालून वळणं कापायला सुरुवात झाली. नदीची लांबी सुमारे साडेचारशे किलोमीटरनं कमी झाली. दलदल आटली, लव्हाळी गेली, त्या जागी गहू आला. काळ्या समुद्राच्या उत्तरेचा स्टेप, म्हणजे सपाट गवताळ प्रदेशही त्याच शतकात नांगराखाली गेला. टोळांना मारलं नाही कुणी. त्यांच्या पाळण्याची जागा गेली.

अमेरिकेतला दाखला याहून बोलका आहे. रॉकी पर्वतातला टोळ १८७० च्या दशकात तिथल्या मैदानांवर प्रचंड थव्यांनी यायचा. १९०२ नंतर तो जिवंत सापडलेला नाही. जात संपली. अंडी घालायच्या त्याच्या जागा नदीखोऱ्यांत होत्या आणि नेमक्या तिथेच वसाहतवाल्यांनी शेती केली, असं सर्वाधिक मान्य झालेलं कारण आहे.

आडवाट
दोन हरकती आहेत.

पहिली. 'थांबल्या' हे मध्य युरोपापुरतं खरं. रशियाचा दक्षिण भाग युरोपातच येतो ना? सोव्हिएत सरकारनं १९२० च्या दशकात टोळांवर विमानांतून आर्सेनिकची भुकटी टाकली. आजही अस्त्राखान, कल्मिकिया, स्तावरोपोल भागात फवारणी चालूच असते. तेव्हा विषाचा वाटा नाकारता येणार नाही.

दुसरी अधिक महत्त्वाची. स्पेन, इटली, सार्डिनियात येतो तो मोरोक्कन टोळ, डोसिओस्टॉरस मॅरोक्कॅनस. त्याची तऱ्हा अगदी उलटी. त्याला दलदल नको, लव्हाळी नकोत. मेंढ्यांनी बोडकी केलेली, घट्ट, उघडी जमीन पाहिजे. एक्स्त्रेमादुरातलं ला सेरेना हे त्याचं माहेर. तिथे शतकानुशतकं मेंढपाळांचे कळप हिवाळ्यात उतरायचे. माणसानं जमीन बदलली म्हणून टोळ गेला हे तिसाकाठी खरं असेल, पण इथे माणसानं आणि त्याच्या मेंढरांनीच टोळाला अंगण सारवून दिलं.

किडामुंगी
@आडवाट, हरकत चोख आहे. दोन जातींच्या दोन कहाण्या आहेत, एकत्र करू नयेत. एवढी भर घालतो: दोन्हींकडे नांगर मात्र टोळाच्या विरुद्धच जातो. मोरोक्कन टोळाची मादी उन्हाळ्यात कडक जमिनीत पेराएवढ्या खोलीवर अंड्यांची कुपी सोडते. कुपीत तीसेक अंडी. ती नऊ महिने तशीच पडून राहतात. त्या काळात वरवर नांगरट झाली की कुप्या फुटतात, उघड्यावर सुकतात, पाखरं टिपतात. स्पेनमध्ये अंडी उकरायला डुकरं आणि टर्की सोडायचे. १९०८ च्या स्पॅनिश कायद्यानं तर अंडी असलेली जमीन कळवणं आणि नांगरणं मालकावर बंधनकारक केलं.

वकीलपत्र
आणि तिथेच भांडण होतं. कुरणाच्या मालकाला गवत हवं, तो कशाला नांगरू देईल? शेजारच्या गहूवाल्याचं पीक जायचं. म्हणजे टोळधाड हा मालकीचा आणि सत्तेचाही प्रश्न होता. कायदा लागला तो त्यासाठी.

जुनीवही
हा विचार फार जुना आहे. प्लिनी या प्राचीन रोमन लेखकानं लिहिलंय की सायरिनेका (आजचा पूर्व लिबिया) भागात वर्षातून तीन वेळा टोळांशी युद्ध करायचा कायदा होता: आधी अंडी चिरडायची, मग पिल्लं, मग मोठे टोळ. जो येणार नाही त्याला रणांगणातून पळालेल्याची शिक्षा. लेम्नोस या ग्रीक बेटावर प्रत्येकानं ठरलेलं माप भरून मेलेले टोळ आणून द्यायचे. १६१३ मध्ये फ्रान्सच्या आर्ल शहरानंही अंडी गोळा करणाऱ्यांना पैसे मोजले. उवारोव्हनं विसाव्या शतकात कारणासहित सांगितलं ते ग्रीकांनी अनुभवानं ओळखलं होतं.

बंदरवाट
मी सार्डिनियात असतो, कालियारीला. धाडी 'होत्या' असं इथे कुणी म्हणणार नाही. २०१९ पासून सलग चार उन्हाळे बेटाच्या मध्यभागी, नुओरो प्रांतात, ओत्तानाच्या खोऱ्यात टोळ आले. २०२२ मध्ये हजारो हेक्टर गेले. एका मेंढपाळाच्या गोठ्यात गेलो होतो. भिंतीचा पांढरा रंग दिसत नव्हता. अल्फाल्फाच्या (लसूणघासाच्या) शेतात नुसते दांडे उभे होते आणि पायाखाली टोळ उडताना वाळलेल्या शेंगा फुटल्यासारखा आवाज यायचा. त्याचं म्हणणं एकच: माझ्या आजोबांच्या वेळी ही सगळी जमीन गव्हाची होती.

@आडवाट आणि @नांगरट, तुमचं दोघांचं म्हणणं इथे एकत्र येतं. तरुण मुलं शहरात गेली, नांगर थांबला, जमीन पडीक राहिली, त्यावर मेंढ्या. त्यात कोरडे, उबदार हिवाळे. टोळ बाहेरून आलेच नाहीत, ते इथलेच आहेत.

नांगरट
@बंदरवाट, हाच प्रतिसाद हवा होता. विष मारून उपयोग होतोय का तिकडे?

बंदरवाट
मर्यादित. चराऊ कुरणं, मेंढीचं दूध, चीज, मधमाश्या. काय आणि कुठे फवारणार? त्यामुळे पिल्लं पंख फुटायच्या आत गाठणं आणि जैविक उपाय यांवर भर आहे. मायलाब्रिस नावाचे लाल-काळे भुंगेरे इथे सोडले, त्यांच्या अळ्या टोळांच्या अंड्यांवर जगतात.

किडामुंगी
जैविक म्हटलं की मेटारायझियम बुरशी आलीच. टोळाच्या अंगावर बीजाणू पडले की कातडीतून आत शिरतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत तो मरतो. या बुरशीचा पहिला शेतीप्रयोग युरोपातलाच: १८७९ मध्ये ओडेसात मेच्निकोव्हनं गव्हावरच्या भुंगेऱ्यांवर केला. पुढे रोगप्रतिकारशक्तीच्या कामासाठी नोबेल मिळालेला तोच हा मेच्निकोव्ह. आज हिच्या एका भावंडापासून केलेलं औषध आफ्रिकेत टोळांवर वापरतात.

गवतफुला
सगळ्यांचे मनापासून आभार. मी 'थांबल्या' असं गृहीत धरून विचारलं होतं, बंदरवाट यांच्या प्रतिसादानंतर प्रश्नच वेगळा दिसतो. डॅन्यूबच्या मुखाशी आता बांध फोडून दलदल परत आणायचे प्रकल्प चाललेत. पक्ष्यांसाठी आणि माशांसाठी ते हवेतच असं मला ठामपणे वाटतं. पण त्या लव्हाळ्यांत टोळ मोजणारं कुणीतरी असायला हवं, तेही आत्तापासून. किडामुंगी, तुम्हाला काय वाटतं?

किडामुंगी
@गवतफुला, पूर्ण सहमत. दलदल परत येणं म्हणजे धाड परत येणं नव्हे. आजूबाजूला नांगरलेली जमीन आहे, पक्षी आहेत, पाण्याची पातळी नियंत्रित ठेवता येते. धोका असतो तो लागोपाठच्या कोरड्या वर्षांत. त्या वर्षी जून-जुलैत कुणी फिरून पिल्लांचा रंग पाहिला तरी पुरे. हिरवी, विखुरलेली असतील तर काळजी नाही. काळी-नारिंगी आणि घोळक्यानं चालत असतील तर लगेच कळवायचं.

संत्राबाग
बंदरवाट भाऊ, एक विचारतो. अंडी जमिनीत, वरून दिसत नाही. मग तुमच्याकडं शोधतात कशी?

बंदरवाट
@संत्राबाग, मेंढपाळांना विचारून. उन्हाळ्यात थवा कुठल्या माळावर उतरून बसला होता हे त्यांनाच पक्कं माहीत असतं. त्या जागा नकाशावर मांडतात, मग माणसं जाऊन ठरावीक मापाचा चौकोन खणतात आणि मातीत कुप्या मोजतात. ज्या माळावर जास्त निघतील तो पावसाळ्याआधी, म्हणजे इथल्या शरद ऋतूत, नांगरायला सांगतात. खडकाळ जागी नांगर चालत नाही, तिथे खुणा करून ठेवतात आणि मार्च-एप्रिलमध्ये पिल्लं निघायच्या वेळी परत जातात.